मुदतवाढीची यादी

हरिहर गायधनींच्या तोंडून कधी कुणाचं गुपित फुटलं नाही, आणि तरीही सौदीतल्या यानबूच्या त्या चार मजली इमारतीत डिसेंबर आला की लोकांना त्यांच्याइतकी धास्ती कुणाचीच वाटायची नाही. माणूस तसा गायीसारखा गरीब. नाशिकचा, चोपन्न वर्षांचा, शुक्रवारी सकाळी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालणारा. पण कंपनीत त्यांच्याकडे घरांचं काम होतं, आणि खरी मेख तिथेच होती.

इमारत एका सौदी मालकाची. सोळाच्या सोळा फ्लॅट कंपनीने आपल्या इंजिनिअरांसाठी भाड्याने घेतलेले. करार दरसाल जानेवारीअखेर संपायचा. डिसेंबरात एचआरकडून हरिहररावांच्या टेबलावर यादी यायची, की अमुक-अमुक नंबरचे फ्लॅट आणखी वर्षभर वाढवून घ्या. ज्याचा नंबर यादीत नाही, त्याची नोकरी गेली. त्याला पत्र मिळायचं ते जानेवारीत. म्हणजे महिनाभर त्या बिचाऱ्याचं नशीब एचआरच्या खालोखाल एकट्या हरिहररावांना ठाऊक. तो लिफ्टमध्ये भेटणार, "काय हरिभाऊ, थंडी पडली बुवा" म्हणणार, नवा सोफा कुठला घेऊ विचारणार, आणि हे आपले हसून मान हलवणार. कुणाच्या वाट्याला येऊ नये असं काम!

नऊ वर्षं त्यांनी ते निभावलं. एक गोष्ट मात्र जमली नाही. यादीतून गळलेल्याच्या घरी त्यांना जेवण जायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आईने लहानपणी मनावर ठसवलेलं. इथे मीठ खायचं आणि तोंड शिवून बसायचं? घासच उतरायचा नाही. मग "ॲसिडिटी झालीय हो" म्हणून नुसत्या पाण्यावर उठायचे. हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, अशी त्यांची भाबडी समजूत.

यंदाची यादी एचआरच्या उसामाने स्वतः आणून दिली. आत येऊन त्याने आधी दार लावलं.

"गेल्या वर्षी तिघांना पत्र मिळायच्या आधीच कळलं होतं, मिस्टर हरिहर. तिघंही कामं अर्धवट टाकून दुसरीकडे गेले. बातमी तुमच्या टेबलावरून फुटते."

"देवाशपथ सांगतो, मी एक अक्षर बोललो नाही."

"मग चेहऱ्यावरून कळत असेल. यंदा फुटली, तर पुढच्या यादीत तुमचा तीन नंबरचा फ्लॅटही नसेल. खलास."

तो गेल्यावर हरिहररावांनी कागद उलगडला. दहा होता, बारा होता, अकरा नव्हता. त्यांनी पुन्हा वरपासून बोट फिरवलं. अकरा नव्हताच. अकरा नंबरात सुशील राहत होता.

सुशील म्हणजे परक्या मुलखात लाभलेला धाकटा भाऊ. मुलगी रेवा दहावीला. बोर्डाचा फॉर्म इथल्याच शाळेतून भरलेला, परीक्षा फेब्रुवारीत. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जाणार आणि इकामा गेला की बायकोपोरीने चंबूगबाळं आवरायचं. बोर्ड काही कुणासाठी थांबत नाही. पोरीचं वर्ष बुडणार, हे त्या एका कोऱ्या जागेत लिहिलेलंच होतं.

आणि दैवाचा खेळ पाहा! त्याच आठवड्यात सुशीलला जिझानच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. पद जरा खालचं, पण ती कंपनी इकामा तातडीने आपल्याकडे घेणार होती, बायको चारुता आणि रेवाला परीक्षा होईपर्यंत यानबूत राहता आलं असतं. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं.

"हजारभर किलोमीटरवर एकटा जाऊन काय करू, हरिभाऊ?" सुशील म्हणाला. "इथलं पक्कं असेल तर कशाला हलायचं? ते राहू द्या. शुक्रवारी वहिनींना घेऊन दुपारी जेवायलाच या."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण उसामाची धमकी आठवली. पुण्यात शिकणाऱ्या मुलाची, अमोघची अजून दोन वर्षं बाकी होती. शेवटी हरिहररावांनी मनाशी ठरवलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, पोटभर जेवायचं, हसायचं, आणि बोलता बोलता जिझानचं पारडं जड करायचं. उसामाचं भय उरणार नाही, सुशीलचंही भलं होईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही!

शुक्रवारी चारुताने मसालेभात केला होता, भरली वांगी, दही टांगून घरचं श्रीखंड. पानं मांडून झाली. सुशील हातातला घास तसाच धरून बसलेला. चारुता वाढायची थांबलेली. रेवा पुस्तक मिटून दाराशी येऊन उभी. सगळ्यांचे डोळे आपल्या पानाकडे का, हे हरिहररावांना कळेना. त्यांनी पहिला घास घेतला, कसाबसा गिळला, आणि मोठ्याने म्हणाले, "वा! क्या बात है!" मग भात पुन्हा मागून घेतला. श्रीखंडाच्या दोन वाट्या संपवल्या.

चारुताने पदराने डोळे टिपले. रेवा "थँक यू, काका!" म्हणून आत पळाली. पोरगी आभार कशाचे मानते, हे काही त्यांना उमगलं नाही.

"जिझानही काही वाईट नाही हं, सुशील," ते घाईने म्हणाले. "चांगली संधी आहे. मी तर म्हणतो जाच."

"अहो, तुम्ही खा हो!" सुशील मांडीवर थाप मारून हसला.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर त्यांची बायको शर्मिला थांबली. "अकरा नंबर वाढला ना हो?"

नऊ वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले.

ती पायरीवरच बसली. "मग जेवलात कसे?"

"म्हणजे?"

"डिसेंबरात अख्खी बिल्डिंग तुम्हाला जेवायला का बोलावते, असं वाटतं तुम्हाला? तुमच्या गप्पा ऐकायला? तुम्ही जेवलात की फ्लॅट वाढला. पाण्यावर उठलात की बॅगा भरायच्या. एकदासुद्धा चुकलं नाही कुणाचं."

"अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला सोंग करावं लागलं असतं. तेवढाच एक इशारा मिळत होता लोकांना."

हरिहरराव धापा टाकत परत वर चढले. दार उघडंच होतं. सुशील फोन खिशात ठेवत होता.

"या, या! जिझानला नाही कळवून टाकलं आत्ताच. माणूस म्हणाला, बरं झालं, दुसरा उमेदवार तयारच आहे. यल्ला, चला, सुटलो!"

हरिहररावांनी चौकट धरली. "सुशील, तुझा नंबर यादीत नाही."

सुशील हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघता बघता त्याचं हसू विरलं. त्याने फोन काढून जिझानचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पलीकडून कट झाला. आतून रेवाने विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

चारुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओलेच होते. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"भाऊजी, सांगायची बंदी होती, कळतं मला," ती म्हणाली. "पण जेवायला नुसतं नको म्हणायचंत. सगळ्यांना म्हणालात, फक्त आम्हालाच नाही."