झाकल्यावर मुका होणारा रेडिओ

नगरमध्ये माझी नोकरी टिकली ती खोलीमालकीण मावशींमुळे. शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून इतक्या लांब, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ आमच्याकडे दिवसभर खणखणीत वाजे आणि घरी गेला की मुका होई. मालक म्हणाले, "हा पुन्हा परत आला, तर तूही गावी परत जा."

मला जेवण जाईना. मावशींनी खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"दुकानात त्याची पाठ उघडी ऱ्हाती ना? घरी आमी बायका त्याला भरतकामाचा रुमाल घालतो. त्यो घेऊन ये इथं, घालू रुमाल."

रुमालाखाली रेडिओ तापला आणि खरंच बंद पडला! मला हसू आवरेना.

"बंद पडला म्हनून हसतंय येडं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा रेडिओ पुढे सरकवला. त्यातला एकेक काचेचा व्हॉल्व्ह काढून मी याच्यात बसवून पाहिला. तापल्यावर दगा देणारा व्हॉल्व्ह अखेर सापडला.

त्याच्या जागी मावशींचा चांगला व्हॉल्व्ह घालून गिऱ्हाइकाचा रेडिओ परत दिला; पुण्याहून नवा येईपर्यंत मावशींचाच रेडिओ मुका राहिला. रिकाम्या संध्याकाळी त्या विचारायच्या, "तुमचा समुद्र लई मोठा असतो का रं?"

एक दिवस मी त्यांना तो दाखवायला नेणार आहे.