दर्याकडे तोंड

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची अस्वस्थ बोटं मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत.

झाईच्या किनाऱ्यावर सासऱ्यांची जुनी मोटार बंद पडली तेव्हा अंधारून येत होतं. वडील मुंबईला इस्पितळात होते आणि घोलवडहून सुटणारी आगगाडी मला गाठायचीच होती.

वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उभा असलेला हा काटकुळा कोळी आपणहून आला. बॉनेट उघडून त्यानं इग्निशन कॉइलची तार ओढून पाहिली.

"खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली. मचव्याच्या इंजिनाचंबी असंच होतं, सायेब."

मासळी कापायच्या सुरीनं त्यानं तारेचं टोक खरवडलं, कॉइलला पिळलं आणि जाळ्याच्या दोऱ्यानं घट्ट बांधलं. झालं, असं मला वाटलं. पण त्यानं दर्याकडे पाहिलं आणि गाठ सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा दर्याकडे पाहिलं, पुन्हा सोडली.

"अहो, चांगली होती की! गाडी चुकेल माझी!" मी वैतागलो.

त्यानं गाठ पुन्हा आवळली. शेवटी इंजिन सुरू झालं, तरी त्याचा हात बॉनेटवरून निघेना. कान देऊन तो धडधड ऐकत राहिला.

"चालते ना?" त्यानंच मला विचारलं.

"चालते की."

"पोरगा दुपारीच यायचा होता, अजून आला नाय. त्याच्या इंजिनाची तारबी मीच बांधलीय." मग चाचरत म्हणाला, "जरा दिवे लावता, सायेब?"

स्टेशनाकडे तोंड करून उभी असलेली मोटार मी दर्याकडे वळवली.