एका जागेची वंशावळ

मी कुवेतमध्ये बसून एका स्कॉटिश घराण्याची वंशावळ काढली आणि तीत सख्ख्या भावाबहिणीचं लग्न लावून दिलं. ही बातमी माझ्या बायकोने आमच्या जाब्रिया वस्तीतल्या समस्त मराठी नर्सवर्गाला आधीच पुरवलेली असल्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही.

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज लोकांचं रक्त हाताळणाऱ्या माणसाला रक्ताची नातीही कळत असतील, असं म्हाताऱ्याला वाटलं असावं. म्हातारा म्हणजे आमची यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनियर, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीगावातला. ऐन उमेदीत कुवेतला आला आणि इथेच राहिला. बायको वारली, मूलबाळ नाही. आता निवृत्त झाला होता, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि यकृतात जे काही निघालं होतं त्याला तो ‘गंज’ म्हणायचा. डॉक्टरांनी फार मुदत दिलेली नव्हती.

त्याला एकच गोष्ट हवी होती. गावच्या चर्चमागे घराण्याची दफनाची जागा होती, पणजोबाने विकत घेतलेली. त्याचे आईवडील तिथेच. आता तिच्यात एक माणूस मावेल एवढीच जागा उरलेली, आणि तिचा कागद थोरल्या बहिणीच्या नावावर. बहिणीशी बोलणं आईच्या मातीपासून बंद. त्या वेळी हा कुवेतहून पोचला नव्हता.

“मग बहिणीला फोन करा ना,” मी म्हणालो.

“त्यापेक्षा तू वंशावळ काढ. मी पणजोबाचा वंशज ठरलो की जागेवर माझाही हक्क. हक्क असला की कुणाला विचारावं लागत नाही, पोरा.”

एक फोन करण्यापेक्षा शंभर-दीडशे वर्षं मागे जाणं काहींना सोपं वाटतं. मी त्याला हसलो नाही. माझं तरी वेगळं काय चाललं होतं?

त्याच वर्षी वडील गेले होते. मी रत्नागिरीला पोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. राख सावडायला तेवढा हजर होतो. तेराव्याचं जेवलो, परत आलो, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर उभा. जीभ पोळल्यावर एखाद-दोन दिवस कशाला चव लागत नाही, तसं सगळं झालं होतं, आणि ते एखाद-दोन दिवस काही संपेनात. लोक भेटायला यायचे, चेहरा पाडून बसायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही थोडा पाडायचो.

अशा वेळी दुसऱ्याची मेलेली माणसं फार सोयीची पडतात. मी लगेच हो म्हटलं.

शुक्रवारची सुट्टी मिरकाबला, म्हाताऱ्याच्या जुन्या फ्लॅटवर जाऊ लागली. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून कॉम्प्युटरसमोर मी आणि कोचावर तो. उरलेले दिवस मी घरी तेच करायचो. एका संध्याकाळी बायको मागे येऊन उभी राहिली.

“अहो, स्वतःच्या वडिलांसाठी टिपूस नाही, आणि गोऱ्याच्या पणज्याचा दगड मोठा करकरून बघताय!”

“काम आहे.”

“रडून घ्या एकदा.”

“शुक्रवार म्हाताऱ्याचा. शनिवारी बघू,” मी म्हणालो. हा विनोद होता, पण तिलाही हसू आलं नाही.

तो दगड मला इंटरनेटवर सापडला होता. गावच्या स्मशानाचे फोटो कुणी हौशी माणसाने टाकून ठेवले होते. एकाच दगडावर तीन नावं. पहिला पुरुष म्हाताऱ्याच्या आडनावाचा, होड्यांवर काम करणारा, तोच पणजोबा. त्याच्याखाली एक बाई आणि आणखी एक पुरुष, या दोघांचं आडनाव मात्र वेगळंच, पण आपसात एकच. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे एका आडनावाची बाई आणि बाप्या एका दगडावर दिसले तर कोण? नवराबायको. मी चुटकीसरशी त्यांना जोडून टाकलं.

मग म्हाताऱ्याच्या आजोबांची जन्मनोंद. तिच्या पानाचा फोटो मागवता आला असता, बापाचं नाव त्यात स्वच्छ असतं. पण यादीत मुलाचं पूर्ण नाव होतं, आणि त्यातलं मधलं नाव होतं दगडावरच्या त्या तिसऱ्या माणसाचं आडनाव. मधलं नाव म्हणजे बाप, हे मला बालवाडीपासून ठाऊक. हजेरीत, रेशनकार्डावर, पासपोर्टवर, सगळीकडे मधे बाप बसलेला असतो. पान मागवतो कोण? आजोबा त्या तिसऱ्या माणसाचा मुलगा, हे ठरलं. मग म्हाताऱ्याचं आडनाव पहिल्या माणसाचं कसं? त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. दत्तक! निपुत्रिक माणूस दोस्ताचा मुलगा दत्तक घेतो. आमच्या गावात अशी तीन-चार घरं सहज निघतील.

स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की त्याच गुरुवारी झाड छान रंगवून म्हाताऱ्याने दिलेल्या सगळ्या पत्त्यांवर ईमेलने धाडलं. चुलतभाऊ, मामेभाऊ, कॅनडातला कुणी पुतण्या. बायकांची मी नुसती पहिली नावं लिहिली होती, आपल्या वंशावळीत तीही नसतात म्हणून उदार मनाने.

शुक्रवारी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. दगड त्याला दिसत नव्हता, मीही दाखवला नाही. निष्कर्ष तेवढा सांगितला. त्याने एसीकडे मान वळवली.

“म्हणजे आम्ही त्या घरचे नाहीच.”

“कायद्याने आहात ना! दत्तक म्हणजे...”

“मग त्या मातीत माझं काय?” असं म्हणून त्याने टीव्ही लावला. फुटबॉल चालू होतं. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. कोण जिंकलं ते आठवत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी चहा गाळत असताना फोन वाजला. ऐकू कमी येत असल्यामुळे म्हातारा कायम स्पीकरवर. बाईचा आवाज, खडखडीत, नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तुझ्याकडे कुणी हिंदुस्थानी माणूस आहे का?”

“आहे. माझ्यासाठी चहा करतोय.”

“त्याला विचार, आपल्या पणजीने सख्ख्या भावाशी लग्न केलं हे त्याला कुणी सांगितलं?”

गाळणं माझ्या हातातच राहिलं. बहीण. कुणा चुलतभावाने माझं झाड तिच्यापर्यंत पोचवलं होतं. त्यानंतर तिने मला जे झापलं, त्याचा सारांश असा: त्यांच्याकडे लग्न झालेल्या बाईच्याही दगडावर माहेरचं आडनाव कोरतात. तिसरा माणूस तिचा भाऊ, बिनलग्नाचा, म्हणून बहिणीपाशी पुरलेला. आणि मुलाचं मधलं नाव पुष्कळदा आईच्या माहेरचं असतं, मामाच्या घराची आठवण म्हणून. थोडक्यात, मी मामाला बाप केलं होतं आणि खऱ्या बापाला निपुत्रिक.

“म्हणजे दत्तक नाही?” म्हाताऱ्याने विचारलं.

“दत्तक? आरशात नाक बघ तुझं. पणजोबाचं उपटून लावलंय.”

म्हाताऱ्याने खरोखर नाकाला हात लावला. इतक्या वर्षांनी दोघं बोलत होते आणि विषय होता पणजीचा. तोही संपला.

“तिथली जागा...” म्हातारा म्हणाला.

“एकच आहे.”

“माहीत आहे.”

“मीही काही तरुण नाही.”

“माहीत आहे.”

म्हणजे तिलाही तिथेच जायचं होतं. वंशावळ बिनचूक निघाली असती तरी हा प्रश्न सुटला नसता. दोघंही त्याच झाडाची, आणि जागा एकाची. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. अशा वेळी शहाणा माणूस चहा ठेवून बाल्कनीत जातो. मी म्हणालो, “जाळून घेतलंत तर दोघं मावाल.”

“काय म्हणाला तो?” बहिणीने विचारलं. म्हाताऱ्याने शब्दन् शब्द परत सांगितला. मी मनातल्या मनात नोकरी, मैत्री, शुक्रवार, सगळ्यांवर पाणी सोडलं. फोनमधून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं. ती हसत होती. मग म्हाताराही हसायला लागला, पोट धरून, दुखत असूनही.

“त्याला विचार,” ती दम घेत म्हणाली, “माणसाची राख होते तरी केवढी?”

मी दोन्ही हात पुढे धरून दाखवलं. एवढी. मडकं मावेल एवढं अंतर, बोटं खालून जुळलेली.

“अरे, फोनवर तिला हात कसे दिसणार?” म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला. हात तसेच होते. मी खाली घ्यायला बघत होतो, ते खाली येत नव्हते.

“तू धरली होतीस,” तो म्हणाला.

“अजून गरम होती.”

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला वाटतं, स्वतःलाही नव्हतं सांगितलं.

“हॅलो?” बहीण म्हणत होती. “हॅलो, आहात ना? केवढी?”

म्हाताऱ्याने फोन तोंडाजवळ नेला.

“मावू आपण दोघं,” तो म्हणाला. “थांब जरा. ठेवू नकोस.”