शालिनीच्या नावाची बाटली

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवळी गावात एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, माइकवर होतो. नवरदेवाच्या मामांचं नाव अर्ध्यात सोडून गप्प झालो. लोकांना वाटलं, लाइट गेली...

आमची मैत्री शाळेपासूनची. ती वर्ध्याच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायची, मी गावोगाव सूत्रसंचालन करायचो. म्हणजे माझा गळा बारमाही सुजलेला आणि तिला जंतू घरपोच! मेडिकलमधून दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की बंद, हा माझा खाक्या. "तुह्यासारख्यायनंच जंतूंले पहिलवान केलं बे," ती म्हणायची. गोळ्यांना न जुमानणाऱ्या त्याच पहिलवानांवर ती बेहड्याचा, अडुळशाचा अर्क तपासत होती. एकदा तिनं मला काचेची थाळी दाखवली. थाळीभर जंतूंची साय, आणि बेहड्याच्या अर्कात भिजवलेल्या कागदी टिकलीभोवती तेवढा स्वच्छ गोल. मला राहवतंय होय! झाकण उचलून तिथंच अभिनंदनाचं भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्या गोलात माझ्या थुंकीतले पाहुणे पंगत मांडून बसलेले. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तिनं प्रयोगशाळेच्या दाराशी खिळा ठोकला, त्यावर कापडी मास्क अडकवला. "हा तुहा. बोलाचं असन तर लावून बोल."

त्यानंतरही मी अक्कल पाजळलीच. एका सत्कारात माइकवरून जाहीर केलं, गळ्यावर औषध सापडलं! लगेच तिचा फोन. "थाळीत मेले म्हंजे गळ्यात मेले काय? माणसावर तपासणी व्हाचीच आहे. तोवर मी याले औषध म्हणणार नाई, तूही म्हणू नको."

ती तपासणी राहिली... आणि शोकसभेत एक काढेवाले उठले. बाटलीवर शालिनीताईंचा फोटो छापून 'शालिनी काढा' काढू म्हणाले, गळ्याचा रामबाण. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक मीच. म्हटलं, "जे ती बोलली नाही, ते तिच्या फोटोखाली छापू देणार नाही."

"तिचंच नाव होऊन राह्यलं, तुमी काऊन आडवे येता?" काढेवाले म्हणाले.

"तिचं नाव आहे म्हणूनच!"

कुणीतरी माझ्या हातातला माइक काढून घेतला. मी बिनमाइकचा ओरडत राहिलो. शेवटी "राहू द्या तुमचा फोटो" म्हणत काढेवाले चप्पल शोधत निघून गेले, आणि माझा गळा बसला.

या वेळी गोळी घेतली नाही. तिच्या सहकारी बाईंनी काम पुढे चालवलंय. त्यांना गळ्याचा नमुना द्यायला गेलो. खिळ्यावर मास्क तसाच होता. तो लावला, आत गेलो, आणि तिच्या रिकाम्या स्टुलाला उरल्यासुरल्या आवाजात सांगितलं, "शाले, बाटली निघणार नाई."