गाडी किती करायची

माझ्या सासऱ्यांना कशाचंच काही वाटत नाही, हे आमच्या घरात ठरून गेलेलं आहे. मिथुनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं." सासूबाई गेल्या तेव्हा यांनी त्यांचं अंथरूण घडी करून कपाटात ठेवलं आणि विचारलं, "कोणाकोणाला फोन केले?" आमच्या लग्नात सगळे नाचत होते आणि हे मांडवाबाहेर उभे राहून पाहुण्यांच्या गाड्या ओळीने लावून घेत होते. पहिलं वर्षभर मला वाटायचं, मी यांना आवडत नाही. मग कळलं की तसं नाही, मी नावडतही नाही.

त्यांचं नाव तातेराव. मी त्यांना मामा म्हणते. नव्या जालन्यातल्या एका कापूसवाल्या शेठजींची अँबॅसिडर त्यांनी एकोणतीस वर्षं चालवली. शेठजी गेले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि अँबॅसिडर जिनिंगच्या शेडमध्ये धूळ खात पडली. गेल्या दिवाळीत मिथुनने ती विकत घेतली. बापाला एकदा तरी खूश झालेलं बघायचं, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं आहे. टेम्पोवर लादून गाडी दारात आली, तेव्हा मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मागचं टायर बसलंय."

गाडी वसंता मिस्त्रीच्या शेडमध्ये गेली. वसंता डेंटिंगचं काम करतो आणि कामापेक्षा जास्त बोलतो. "मिथुनभाऊ, आधी एक सांगा, गाडी किती करायची? निस्ती चालती करायची, दिसायला भारी करायची, का होती तशी करायची? आत्ताच सांगा. एकदा पत्रा कापला की मधी थांबता येत न्हाई."

"जशीच्या तशी," मिथुन म्हणाला. "पप्पा चालवत होते, तशी."

"मंग ते काकालाच माहीत."

म्हणून दर रविवारी आम्ही तिघं शेडमध्ये. मामा स्टुलावर बसून सांगायचे, मिथुन मोबाइलमध्ये लिहून घ्यायचा. रंग ताकासारखा होता, दुधासारखा नाही. मागच्या काचेला हिरवा पडदा, त्याची तार डाव्या बाजूला सैल. हॉर्न आधी बारीक वाजायचा, मग मोठा. मागच्या दाराच्या खिशात शेठजींची पानाची डबी. एकही गोष्ट विसरले नव्हते, पण सांगायचे मात्र वर्गात हजेरी घ्यावी तसं.

"पप्पा लय खूश हायेत," मिथुन घरी येऊन म्हणायचा.

"कशावरून?"

"बोलून राह्यले ना!"

मी तरी काय वेगळी होते? फाटक्या मागच्या सीटवर पायावर पाय टाकून बसले, फोटो काढून घेतला आणि डीपीला ठेवला.

चौथ्या रविवारी वसंताने पुढची सीट काढली. तळाचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. ड्रायव्हरच्या बाजूला, सीटखाली, वीतभर उंचीचा एक पत्र्याचा डबा वेल्डिंग करून बसवलेला होता. त्याला झाकण होतं आणि आत कुजलेली चिंधी.

"हे कंपनीचं न्हाई," वसंता म्हणाला. "तळ तर कापावाच लागतो. नव्या पत्र्यावर डबा परत बसवू का?"

"बसवा की," मिथुन म्हणाला. "जशीच्या तशी म्हटलं ना. जॅकचा असंल."

"माझ्या गिलासाचा हाय," मामा म्हणाले.

"कसला गिलास?"

"च्याचा. शेठजी पाव्हण्यांकडं जायचे, गावोगाव. ड्रायव्हरला च्या बाहेर यायचा. गिलास आपला लागायचा. सीटखाली ठेवला की गाडीभर वाजायचा. म्हणून मीच हा डबा मारून घेतला. चिंधी घातली. मंग न्हाई वाजला."

आम्ही बौद्ध आहोत, आणि शेठजींच्या पाहुण्यांना ते ठाऊक असायचं. याहून जास्त समजावून सांगायचा पगार मला शाळेत मिळतो, इथे नाही.

मिथुनने जवळचा पाना उचलून त्याने डब्याचं झाकण वर केलं. "शेठजी काही म्हणायचे न्हाईत?"

"काय म्हणतील? माणूस चांगला होता."

"आन तुम्हाला? तुम्हाला काही वाटायचं न्हाई?"

मामांनी खरंच आठवून बघितलं. "वाजायचा, त्याचं वाटायचं," ते म्हणाले. "शेठजींची झोपमोड व्हायची."

मिथुनने हातातला पाना शेडच्या दुसऱ्या टोकाला फेकला. "भंगारात घाला ही गाडी! सगळी!" असं वसंतावर ओरडला, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता, आणि मोटारसायकल काढून निघून गेला. मामा आणि मी रिक्षाने घरी आलो. वाटेत मामा एवढंच बोलले, की रिक्षाचा क्लच गेलेला आहे.

घरी येऊन मी डीपीचा फोटो काढून टाकला. मला राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. कणीक मळली, पोळ्या लाटल्या, भांडी घासली आणि अंग बधिर होऊन नुसती ओट्याशी उभी राहिले. मामांना वर्षानुवर्षं असंच होत असेल, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

तीन आठवडे गाडी तशीच उघडी पडून होती. वसंता फोन करायचा, मिथुन उचलायचा नाही. बापलेक एकमेकांशी बोलेनात. आधीही फारसे बोलत नव्हते, पण आता एक जण खोलीत आला की दुसरा उठून जायचा. मिथुनचं रोज नवीन सुरू व्हायचं. एक दिवस गाडी विकायची, दुसऱ्या दिवशी तिला लालभडक रंग देऊन एसी बसवायचा, म्हणजे जुनं काही उरायलाच नको.

शेवटी एका सकाळी मी मामांना विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, मामा? गाडी ठेवायची, का घालवायची?"

ते लसूण सोलत होते. "हे मला कोणी इचारलंच न्हवतं," ते म्हणाले. तक्रार अशी नव्हतीच आवाजात. "कशी होती ते इचारलं. मी सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी मी दोघांना शेडमध्ये घेऊन गेले. कसं, ते विचारू नका. चौथीचा वर्ग सांभाळणारीला दोन माणसं जड नसतात.

"डबा कापून टाक," मामांनी वसंताला सांगितलं. "सपाट पत्रा मार."

"आन रंग? ताकासारखाच ना?"

"नको. रंग त्यांचा होता. पडदे त्यांचे, पानाची डबी त्यांची."

"मंग तुमचं काय होतं, पप्पा?" मिथुनने विचारलं.

मामांनी उघड्या दारातून हात घालून स्टिअरिंगला लावला.

"चालवणं," ते म्हणाले. "निस्ती चालती कर, वसंता. इंजन, ब्रेक, गिअर एकदम बराबर पाहिजे. तिथं काही कमी ठेवू नको. बाकी काही करू नको."

महिन्याभराने गाडी बाहेर निघाली. दारं गंजलेली, बॉनेट ठिगळाठिगळांचं, रंगाचे पोपडे तसेच. जशीच्या तशी नव्हती आणि नवीही नव्हती. वसंताला तर ती आपल्या शेडमधून गेली हे कोणाला सांगायचीही लाज वाटत होती. मामा ड्रायव्हरच्या जागी बसले, मिथुन शेजारी, मी मागे. अंबडच्या रस्त्याला लागलो. स्टिअरिंगजवळचा गिअर ते न बघता टाकत होते आणि गाडी एका चालीने चालली होती.

मिथुनला राहवलं नाही. "पप्पा, काही वाटून राह्यलं का?"

"ब्रेक जरा घट्ट हाय."

मी हसले. मिथुन हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला. दोन-तीन किलोमीटर मागे पडले. मामांनी समोरून आलेल्या एसटीला वाट दिली, गाडी परत डांबरावर घेतली आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तू चिडल्ता त्या दिशी."

"हो."

"बरं वाटलं मला. त्याच्यावरून आजवर कोणीच चिडलं न्हवतं. मी बी न्हाई."