सोलचं सिंहासन आणि मिरजेचा वरचा मजला

एक्याण्णव साली आम्ही मिरज सोडली तेव्हा फलाटावर सामान कमी आणि पोचवायला आलेली माणसं जास्त होती. आत्याबाई, माझ्या सासऱ्यांची बहीण, गाडी यायच्या आधीच रडून मोकळ्या झाल्या. गाडी आल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही, म्हणून त्या माझ्या पिशव्या मोजायला लागल्या. मी मोजून, चिठ्ठ्या लावूनच आणल्या होत्या. केतकी चार वर्षांची, माझ्या खांद्यावर झोपलेली. माझे सासरे, नाना, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला, अविनाशला, एवढंच म्हणाले, "पाच वर्षं म्हणालास ना? ठीक. पाच वर्षं."

आपल्या शारजातल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी 'मायभूमीच्या आठवणी' लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. गेल्या वर्षीची स्मरणिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहे. असं करणारी बहुधा मी एकटीच. प्रत्येक लेखात गावची माती, प्रत्येक मातीला वास आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी. लिहिणारे अल मजाजमध्ये खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, एसी सोळावर ठेवून गोधडी पांघरतात आणि लिहितात की मन मात्र तिकडेच आहे. मन तिकडे असेल तर त्याला इकडच्या दुकानांतले सेल कसे कळतात, हे मला कधी उमगलं नाही. मी मातीबद्दल लिहिणार नाही. मी वरच्या मजल्याबद्दल लिहिते.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी अविनाशने मिरजेच्या घरावर मजला चढवायला घेतला. गल्फमधली मराठी माणसं दोनच गोष्टी नेमाने करतात: 'दोन वर्षांत परत जाणार' म्हणतात आणि गावी मजला चढवतात. दिऱ्हॅमला आठाने गुणायचं आणि फरशी निवडायची. आम्ही चांगली फरशी निवडली, बाथरूमला गरम-गार पाण्याचा नळ बसवला, स्वयंपाकघराचा ओटा माझ्या उंचीचा करून घेतला. मग कुलूप लावलं आणि शारजाला आलो. खालच्या दोन खोल्यांत नाना एकटे. दर रविवारी ते वर जायचे, खिडक्या उघडायचे, केर काढायचे आणि सगळे नळ थोडा वेळ सोडायचे, कारण वापर नसला की वायसर सुकतात. आत्याबाईंनी सुचवलं, भाडेकरू ठेव. नाना म्हणाले, "पोरं येणार आहेत."

पोरं सुट्टीत यायची, दोन आठवडे वर राहायची, येताना बिस्किटांचे डबे आणि अत्तर आणायची आणि जाताना नव्याने दोन वर्षं म्हणून जायची.

शहाण्णवमध्ये पाच वर्षं भरली आणि त्याच वर्षी अविनाशच्या कंपनीचं इथलं काम संपलं. कंपनी कोरियन. व्हिसा तिचा, म्हणजे खलास. पण त्यांच्या पार्कसाहेबांनी अविनाशला सोलच्या मुख्य ऑफिसात दोन वर्षांची नोकरी देऊ केली आणि आधी कुटुंबासह येऊन शहर बघून जा म्हणून तिकिटं हातात ठेवली. अविनाशला फार आनंद झाला. मला त्या आनंदाचं कारण लगेच कळलं. सोलला गेलो की नानांना पुन्हा दोन वर्षं सांगता येणार होती.

बातमी मंडळात पसरली. ज्यांना कोरिया नकाशात दाखवता आला नसता त्यांनी सल्ले दिले. "वहिनी, कुत्रं खातात हो तिथे. डाळ-तांदूळ घेऊन जा." शेजारच्या कुलकर्णीवहिनी मला मेतकूट देऊन गेल्या आणि माझ्याकडे युद्धावर निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिल्या. मी मेतकूट नेलं, तांदूळ नेले नाहीत. तांदूळ तिथे पिकतो, एवढं मला माहीत होतं.

सोल मला आवडलं नाही. रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, माणसं सभ्य, पण शरद ऋतूत फूटपाथवरच्या झाडांची पिवळी फळं पायाखाली फुटतात आणि त्यांना ओकारीचा वास येतो. त्याच झाडांखाली लोक एकमेकांचे फोटो काढत होते. मी शाळा पाहिली, फीचे आकडे उतरवून घेतले, भाजीबाजार पाहिला, कोथिंबीर मिळते का विचारलं. मिळत नव्हती. पार्कसाहेबांच्या यादीत शाळा नव्हती आणि बाजारही नव्हता. त्यांच्या यादीत राजवाडा होता.

तो दाखवायला कंपनीने मिसेस हान नावाच्या बाई दिल्या. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, इंग्रजी उत्तम आणि चपला माझ्यासारख्याच, चालायच्या. राजवाड्याच्या दारात आम्हाला धुळीने वेढलं, कारण समोर एक दगडी इमारत पाडायचं काम चाललं होतं. मिसेस हाननी इतिहास एका दमात उरकला. सहाशे वर्षांपूर्वी इथे राजधानी आली आणि राजवाडा बांधला. दोनशे वर्षांनी जपान्यांच्या स्वारीत तो जळाला. पुढे पावणेतीनशे वर्षं कुणाला तो पुन्हा बांधावासा वाटला नाही. मग एकदाचा बांधला, तर पुन्हा जपानी आले, त्यांनी तो बहुतेक पाडला आणि सिंहासनाच्या बरोबर समोर आपलं हे दगडी सरकारी ऑफिस बांधलं, म्हणजे शहराला राजवाडा दिसू नये. जपानी गेल्यावर कोरियन सरकारने त्याच इमारतीत आपलं ऑफिस थाटलं, मग संग्रहालय केलं, आणि आता पन्नास वर्षांनी अपमान आठवला म्हणून पाडत होते.

मी म्हटलं, "चांगला दगड आहे. हॉस्पिटल केलं असतं."

"माझा भाऊ त्यात कारकून होता," मिसेस हान म्हणाल्या. "पावसात गळायचं."

आत दरबाराचं दालन. उंचावर लाल सिंहासन, त्यामागे सूर्य, चंद्र आणि डोंगर रंगवलेला पडदा. दोरी बांधलेली. अविनाशने टोपी काढली. मला हसू आलं. राजे गेले, राजवंश गेला, आणि इकडे माणसं शिड्या लावून तुळया हिरव्या-तांबड्या रंगवत होती, जणू राजा सुट्टीवरून यायचाच आहे. मी केतकीला दाखवलं, "बघ, बसायला कुणी नाही आणि रोज झाडलोट." एवढं बोलले आणि मला मिरजेतला रविवार डोळ्यांपुढे आला. पुढचं वाक्य मी गिळलं.

बाहेर बाकावर बसलो. अविनाशने शिष्टाचार म्हणून विचारलं, "तुम्ही मूळच्या इथल्याच?"

"नाही. केसाँगची. गाडीने इथून एक तास."

"मग जाता-येता बरं पडत असेल."

मिसेस हाननी त्याच्याकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. केसाँग आता उत्तरेत. युद्धात त्या चौदा वर्षांच्या होत्या. सैन्य येतंय म्हणून भावाबरोबर निघाल्या, आई घर सांभाळायला थांबली, कारण दोन-चार दिवसांचाच प्रश्न होता. या सोल शहराने त्या एका वर्षात चार वेळा मालक बदलला. सीमारेषा शेवटी जिथे ठरली तिथे केसाँग पलीकडे गेलं. पुढे पत्र नाही, निरोप नाही. आई कधी गेली तेही माहीत नाही. हे सगळं त्यांनी राजवाड्याचा इतिहास सांगितला त्याच आवाजात सांगितलं. डोळे पुसले नाहीत. आमच्या स्मरणिकेत त्यांचा लेख छापला गेला नसता.

"आणि तुम्ही? तुम्ही घरी कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांत," अविनाश म्हणाला.

केतकी फळांच्या वासाने नाक दाबून बसली होती. ती तशीच म्हणाली, "पपा, यू से दॅट एव्हरी इयर."

मिसेस हान पहिल्यांदा हसल्या. "तुमच्याकडे सीमा बंद आहे?"

"छे, छे. शारजाहून तीन तासांचं विमान."

"मग तुम्हाला कोण अडवतंय?"

अविनाशने सांगायला सुरुवात केली. प्रोजेक्ट, केतकीची शाळा, भारतातले पगार, मिरजेत इंजिनीअरला काय काम. मिसेस हान मान डोलवत ऐकत होत्या. मला मात्र त्या माणसाची, म्हणजे माझ्याच नवऱ्याची, आणि त्याच्याबरोबर माझीही मनापासून चीड आली. आम्हाला कुणीही अडवत नव्हतं. आम्हाला जायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती लपवायला आम्ही एक अख्खा मजला बांधला होता.

हॉटेलवर आल्यावर मी विचारलं, "तुला मिरजेला जाऊन राहायचंय का? हो की नाही, एवढंच सांग."

"असं एकदम कसं सांगणार?"

"पाच वर्षांत एकदमच झालं होय? मला नाही जायचं. शारजात मी ऑफिसला जाते, स्वतःची किल्ली घेऊन घरी येते, पिशवीत काय आणलं ते गल्लीत कुणी विचारत नाही. मला हे आवडतं. तुझं काय?"

त्याने खिडकीचा पडदा सरकवला. मग म्हणाला, "मलाही नाही जायचं. पण नानांना कसं सांगायचं?"

"फोनवर."

"तू सांग ना. तुला जमतं असलं."

घरात जे कुणालाच करायचं नसतं ते 'तुला जमतं' म्हणून सुनेकडे येतं. पार्कसाहेबांना अविनाशने नाही म्हणून कळवलं. पुढे शारजातच एका लहान कंपनीत त्याला नोकरी मिळाली, पगार कमी. ते सगळं नंतर. परत आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी आधी मिरजेला फोन लावला. अविनाश शेजारी उभा, वर्तमानपत्र उलटं धरून.

"नाना, सुनंदा बोलतेय. आम्ही कायमचे परत येणार नाही. सुट्टीला येऊ. राहायला नाही. वरचा मजला तुम्ही भाड्याने द्या."



"अव्या आहे तिथे?"

"आहे. उभा आहे."

"बसायला सांग त्याला." मग त्यांनी विचारलं, "मग तीन वर्षं मी नळ कुणासाठी चालवले गं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"गार्डाच्या नोकरीत लोकांच्या शिव्या खूप खाल्ल्या," नाना म्हणाले. "गाडी उशिरा आली म्हणून कुणी फार शिव्या देत नाही. रद्द झालेली गाडी 'येतेय, येतेय' म्हणून सांगितली की देतात. रद्द आहे म्हटलं तर माणूस घरी जाऊन जेवतो तरी. तू आज सांगितलंस. ठेवतो."

मी फोन ठेवला. अविनाश बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. त्याला रडू द्यावं, एवढी अक्कल मला होती. आत्याबाईंनी पुढे वर्षभर माझं नाव टाकलं. मंडळातही कुजबुज झाली की मी म्हाताऱ्याला तोंडावर तोडलं. कुजबुजणाऱ्या प्रत्येकीचा गावी एकेक कुलूपबंद मजला होता.

पुढच्या वर्षी सुट्टीला मिरजेला गेलो. वर कागवाडकडचे पाटीलमास्तर आणि दवाखान्यात नर्स असलेली त्यांची बायको राहत होती. आम्ही खाली, नानांच्या खोलीत गाद्या टाकून. माझ्या उंचीच्या ओट्यावर कुणा दुसऱ्या बाईच्या भाकरीचा आवाज येत होता. मला वाईट वाटेल, असं मीही गृहीत धरलं होतं. पहिल्या दिवशी थोडं वाटलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या भेटल्या आणि म्हणाल्या, "ओटा लई चांगला केलाय हो, कंबर दुखत नाही." मग तेही गेलं.

नाना बदलले होते. दाढी रोजची, सदरा इस्त्रीचा. पूर्वी सुट्टीत ते आमच्यामागे बसून असत. कुठे चाललात, कधी येणार, जेवायला आहात ना. आता संध्याकाळ झाली की घड्याळ बघायला लागायचे. तिसऱ्या दिवशी अविनाश त्यांच्याजवळ बसून मोठ्या तयारीने म्हणाला, "नाना, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"उद्या बोल," नाना उठत म्हणाले. "मास्तर खोळंबलेत. काल राणी माझी होती, त्यांनी रडीचा डाव खेळला." कॅरमच्या पावडरचा डबा काखेत मारून ते कठड्याला हात न लावता जिना चढून गेले. वरून सोंगट्यांचा आणि भांडणाचा आवाज यायला लागला.  अविनाशने माफीचं भाषण पाठ केलं होतं, ते वाया गेलं.

मिरजेत आता आमची वाट कुणी बघत नाही. अशा घरी मी दर वर्षी जाते, दोन आठवडे खाली झोपते, आणि निघायच्या दिवशी नाना स्टेशनवर येत नाहीत.