शेवटचा हात कोणाचा

बार्शीटाकळीच्या पाणी-नोंद कार्यालयातला एकुलता एक कॉम्प्युटर मी मारला, तो मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी साडेदहाला, आणि तो अगदी ठणठणीत असताना. आजारी असता, तर उपचार करताना गेला असं म्हणायची सोय तरी होती.

हे २००९ सालचं. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात पाहणी करायला येणाऱ्या जीपगाड्या इतक्या वाढल्या होत्या, की गावातली कुत्री त्यांच्यावर भुंकायची बंद झाली होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, विहिरींना पाणी किती आहे? याचं उत्तर मीटर-सेंटीमीटरमध्ये फक्त माधवीताईंकडे होतं. एका संस्थेनं त्यांना त्याच कामावर ठेवलं होतं. बत्तीस गावं, गावागणिक दोन विहिरी. एसटीनं जायचं, टोकाला लोखंडी वजन बांधलेला टेप विहिरीत सोडायचा, ओला झालेला भाग बघायचा, वहीत लिहायचं, आणि मग कार्यालयात येऊन कॉम्प्युटरमध्ये भरायचं. कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं आणि संस्था काटकसरी होती.

सोमवारी दुपारी बारापर्यंत वर्षाचा अहवाल पुण्याच्या मुख्य कार्यालयात पोचवायचा होता. त्यावरूनच ठरणार होतं, की बार्शीटाकळीचं केंद्र आणखी एक वर्ष चालवायचं की बंद करायचं. बंद म्हणजे माधवीताईंची नोकरी बंद. त्यांच्या घरात सासू होती, चौथीतली मुलगी होती, आणि पगार एकच होता.

मी त्यांच्या शेजारचा. नाव संघपाल, अकोल्याच्या कॉलेजात बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वस्तीत मात्र मला इंजिनीअर म्हणत. मीही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

अहवाल पाठवायला ताईंना पेन ड्राइव्ह घेऊन अकोल्याच्या सायबर कॅफेत जावं लागायचं. मी म्हटलं, "ताई, मी मित्राचं इंटरनेटचं डेटा कार्ड आणतो. इथूनच पाठवा."

"चालते ना त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"चालवतो ना," मी म्हटलं.

चाललंही. एकदा. मग मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक निळं चित्र आलं आणि तिथंच थिजलं. दहा मिनिटांनी माधवीताई म्हणाल्या, "हे इचार करून राह्यलं का मेलं?"

मी म्हटलं, "लाइन कमी-जास्त झाली असेल ताई. व्होल्टेजचा प्रॉब्लेम."

भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज मंडळावर काहीही ढकललं तरी लोक मान डोलवत. ताईंनीही डोलवली. मग त्यांनी टेबलावरच्या फडक्यात कॉम्प्युटरचा डबा बांधला आणि म्हणाल्या, "चाल, ताहेरचाचाकडे."

अकोल्याच्या जुन्या शहरात ताहेरचाचांचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. चाचा आधी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडल्यावर विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायला लागले. विहिरी आटायला लागल्या तशा मोटारी कमी झाल्या, मग रेडिओ, मग टीव्ही, आणि एका शाळेनं भंगारात काढलेले अकरा कॉम्प्युटर विकत घेतले तेव्हापासून हा धंदा. त्या अकरातले सात त्यांनी जिवंत केले. उरलेल्या चारांच्या अंगावर शिकले. इंग्रजी वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावून, लहान मुलासारखं. त्यामुळे आम्ही कॉलेजवाले पडद्यावरची जी ओळ न वाचता पुढे ढकलायचो, ती चाचा पूर्ण वाचायचे.

त्यांच्या दुकानाचा एक कायदा होता. यंत्र आणणाऱ्यानं आधी सांगायचं की त्याला शेवटचा हात कोणाचा लागला आणि त्या हातानं काय केलं. तेही यंत्राच्या मालकासमोर. ते सांगेपर्यंत चाचा स्क्रू ड्रायव्हर उचलत नसत. खरं बोललं की आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला, नईमाचाचीला, चहा सांगत. अर्धं खरं बोललं तर अर्धा चहा.

"बसा," चाचा म्हणाले. "हात कोणाचा?"

"लाइट कमी-जास्त झाली चाचा," मी म्हटलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पुन्हा एका जुन्या रेडिओचा गोल खटका पुसायला लागले. पाच मिनिटं झाली.

"चाचा, आमाले घाई हाय," माधवीताई म्हणाल्या.

"मले कुठं नाई हाय, बेटी. हे इंजिनीअर साहेब सांगतील तवा सुरू करू."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. बत्तीस गावांच्या विहिरीत डोकावणारी नजर ती. मी म्हटलं, "डेटा कार्ड चालावं म्हणून एक ड्रायव्हर टाकला होता."

"नईमा," चाचांनी आवाज दिला, "अर्धा च्या."

"अर्धा काहून?" मी विचारलं.

"पुरं व्हायचं हाय ना आजून."

त्यांनी डबा टेबलावर घेतला, पडदा जोडला, बटण दाबलं. सुरुवातीलाच एक की दाबून ते कुठल्याशा ओळीत शिरले आणि शेवटचे दोन शब्द खोडले. "हे दोन शब्द त्या निळ्या चित्राचे," ते ताईंना म्हणाले. "चित्र म्हंजे पडदा. पडद्यामागं काय चाललं ते पाहाचं असन तर पडदा काढा लागते."

आता काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायला लागल्या आणि एका ओळीवर थबकल्या.

"ह्या ओळीतच गडबड आहे," मी लगेच म्हटलं.

"नाई. ही ओळ ज्याची, तो आपलं काम करून गेला. त्याच्या पुढचा, ज्यानं आपलं नावबी नाई लिहिलं, तो अडकला." चाचांनी ताईंकडे वळून समजावलं. ताईंना समजलं की मलाही समजायचं, पण मी ते तसं दाखवलं नाही. "जिनिंगमधी मुकादम असते ना बेटी, तसा मशीनमधी एक मुकादम. त्याले कर्नल म्हंतेत. सकाळी आला का एकेक मजूर बोलावते. तू कीबोर्ड पाहाय, तू पडदा पाहाय, तू आवाज पाहाय. त्या मजुराले म्हंतेत मॉड्यूल. आता ह्या साहेबानं ड्रायव्हरच्या नावानं एक परका मजूर घुसवला. तो म्हंते, माझं डेटा कार्ड आनल्याबिगर मी दारातून हलत नाई. आनि दारातच बसला. बाकीचे कसे जातीन आत?"

"मंग काढा ना त्याले," ताई म्हणाल्या.

"जुना मुकादम बोलावतो. त्याच्या यादीत हा नसन." चाचांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. लिनक्समध्ये नवा कर्नल आला तरी आधीचा शिल्लक असतो आणि सुरुवातीच्या यादीत त्याचं नाव दिसतं. नवा बिघडला की जुन्यावर चालवता येतं. चाचांनी यादी बघितली. यादीत एकच नाव होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं, आणि मग माझ्याकडे वळले.

"जागा कमी पडत होती," मी म्हटलं. "म्हणून जुना काढून टाकला."

"नईमा," चाचा म्हणाले, "आजून अर्धा."

माधवीताई डब्याच्या फडक्याची घडी घालायला लागल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाचांनी कपाटातून एक सीडी काढली. ही सीडी टाकली की यंत्र आपल्या डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालू होतं, आणि मग डिस्क परक्या घराची कुलपं उघडावी तशी उघडून बघता येते. तसं करून त्यांनी आधी ताईंच्या सगळ्या नोंदी पेन ड्राइव्हवर घेतल्या. चौसष्ट विहिरी सुखरूप बाहेर आल्या. ताईंनी पहिल्यांदा श्वास सोडला, पण अर्धाच. कारण अहवाल बनवणारा प्रोग्राम त्याच यंत्रावर होता आणि तो बसवायला पुण्याहून माणूस यायचा. तो मागच्या वेळी बारा दिवसांनी आला होता.

मग चाचांनी ती फाइल उघडली, जिच्यात यंत्र चालू होताना कोणकोण मजूर आपोआप बोलवायचे ते लिहिलेलं असतं. शेवटची ओळ माझी होती. ती पुसली. दुसऱ्या फाइलीत त्याचं नाव नको असलेल्यांच्या यादीत घातलं. "आता बोलावलं तरी येनार नाई," म्हणाले आणि सीडी काढून बटण दाबलं.

ओळी धावल्या आणि त्याच जागी थबकल्या.

बाहेर बर्फगोळेवाल्याची घंटी तेवढी वाजत होती. चाचांनी सीडी पुन्हा टाकली, फाइल उघडली. माझी ओळ खरंच पुसलेली होती. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच. दीड वाजत आला होता आणि दोनला त्या भागातली लाइन जायची.

"आजून काई केलं का बाबू?" चाचांनी विचारलं. यावेळी इंजिनीअर साहेब म्हणाले नाहीत, ते मला जास्त लागलं.

"नाही चाचा. आईची शप्पथ, सगळं सांगितलं."

"खरं बोलते," ताई म्हणाल्या. "याले खोटं बोलल्यावर कान लाल होतेत. आता नाई झाले."

हे मला एकवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी एक कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "काय केलं ते नको लिहू. काय टाइप केलं ते लिही. वरून खालपर्यंत. समजलं नसन तेबी."

मी आठवून आठवून लिहिलं. एका संकेतस्थळावरून उतरवलेल्या नऊ ओळी होत्या. पहिल्या आठ मला समजल्या होत्या असा माझा समज होता. नववी ओळ मी, सगळे टाकतात म्हणून टाकली होती. चाचांनी ती नववी ओळ एकेक अक्षर लावून वाचली. दोनदा वाचली. मग खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले. आवाज न करता, नुसतं पोट हलवत.

"अरे बाबू, तू त्याले शिदोरीत बांधून देल्ला."

"कोणाला?"

"त्याच मजुराले. मुकादम घरून निंघते तवा गोदामाची, म्हंजे डिस्कची, चावी हाती नसते. गोदाम उघडायलेच दोन-चार मजूर लागतेत. म्हून ते आधीच एका गाठोड्यात बांधून सोबत देल्ले असतेत. ह्या नवव्या ओळीनं ते गाठोडं नवं बांधलं. तवा तुहा मजूर यादीत होता, म्हून तोबी बांधला गेला. मी गोदामातल्या याद्या पुसून राह्यलो, आनि तो त्याच्या आधीच गाठोड्यातून उतरून दारात बसून राह्यला."

म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. मला स्वतःला माहीत नसलेला गुन्हा मी केला होता, आणि असल्या गुन्ह्यासाठी चाचांच्या कायद्यात कलम नव्हतं. चहा मात्र आला. पूर्ण कप. चाची स्वतः घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पी ले बेटा. इनसे बी हो गया था ऐसा. टीवी जला दिया था मौलाना का."

"ते वेगळं," चाचा म्हणाले.

सीडी पुन्हा आत गेली. तिच्यावरून चाचा डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरले आणि त्याच्याकडूनच ते गाठोडं नव्यानं बांधून घेतलं, पुसलेल्या यादीप्रमाणे. पावणेदोन. बटण दाबलं. ओळी धावल्या. ती ओळ आली, आणि तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि मग ताईंच्या मुलीनं पडद्यावर लावलेलं मोराचं चित्र आलं.

माधवीताई म्हणाल्या, "सरक."

त्यांनी तिथंच अहवाल काढायला घेतला. चाचांच्या कीबोर्डवर शून्याचं बटण नव्हतं, तिथं आगपेटीची काडी घालून दाबावं लागायचं. विहिरींच्या नोंदीत शून्यं बरीच होती. दोनला पाच कमी असताना अहवाल पेन ड्राइव्हवर आला. दोनला लाइन गेली. ताई उठल्या, पदर नीट केला, आणि मला म्हणाल्या, "डेटा कार्ड मित्राले वापस दे. आजच." मग पुलापलीकडच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी स्वतः अहवाल पाठवला. केंद्र एक वर्ष वाढलं. हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला आणि कॉम्प्युटरवर खडूनं लिहिलं, संघपालने हात लावू नये. ते अजून आहे.

पण त्या शनिवारी दुकानातून निघताना पैसे विचारले तेव्हा चाचांनी ताईंकडून काही घेतलं नाही. "हात ज्याचा, त्याच्याकडून घेईन," म्हणाले. माझ्याकडून त्यांनी मागितलं ते भलतंच होतं. अहवाल निघताना ते ताईंच्या खांद्यावरून विहिरींची यादी वाचत बसले होते. त्यांच्या घरामागं वडिलांच्या वेळची एक विहीर होती, पंचवीस वर्षं फरशी टाकून झाकलेली. चाचांचं म्हणणं, आत पाणी आहे. चाचीचं म्हणणं, ठणठणीत कोरडी आहे, बुजवा आणि तिथं न्हाणी बांधा. या एका मुद्द्यावर दोघांचा संसार नांदत होता.

"ताईचा टेप आन एक दिवस," चाचा मला म्हणाले. "मोजून दे. हिशेब बरोबर."

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा फरशी हलली नाही. दुसऱ्यांदा फरशी हलली असती, पण चाचांना अचानक एका गिऱ्हाइकाचा रेडिओ आठवला आणि ते म्हणाले, पुढच्या जुम्म्यानंतर बघू. मलाही बरंच वाटलं. टेप ओला निघाला तर चाची चहा बंद करणार आणि कोरडा निघाला तर चाचा मोडणार, आणि दोन्हीकडून शेवटचा हात माझाच.

गेल्या महिन्यात एका मित्राचा प्रिंटर घेऊन गेलो तर चाचीनंच विचारलं, "टेप लाया क्या?"

मी म्हटलं, "भूल गया चाची."

टेप पिशवीत होता. चाचांनी रेडिओवरून मान वर करून माझ्या कानांकडे बघितलं आणि अर्धा चहा सांगितला.